तत्त्वज्ञानात एम.ए. करायचंय? आधी हिशेब मांडा
‘फलसफा शिकून पोट भरेल का?’ घरच्यांचा हा सवाल आम्हाला रास्त वाटतो. एम.ए.च्या दोन वर्षांचा खर्च बहुधा घरालाच उचलावा लागतो. पीएच.डी.साठी अल्पसंख्याकांना मिळणारी मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झालीय. म्हणून आता मोठा आधार नेट-जेआरएफचा: पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये. पण पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यावरच पैसे सुरू होतात. एम.ए.ला ५५ टक्के हवेत, ओबीसी नॉन-क्रिमीलेअरला ५०. वयोमर्यादा ३०, मुलींना आणि या ओबीसींना पाच वर्षांची सूट. आपली बिरादरी केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर दाखला आत्ताच काढून ठेवा. सोबत बी.एड. केलं तर ज्युनिअर कॉलेजचा रस्ताही खुला राहतो, जागा मात्र मोजक्याच. शौक जरूर जपा, पण घरच्यांसोबत बसून हिशेब मांडूनच.