श्वासाचा सराव करा, पण औषध सोडू नका!

बोरीसारख्या गावात दम लागणारे माणूस घरोघर आढळते. आपल्या आयाबायांनी उभा जन्म चुलीच्या धुरात काढला, पुरुषांना बिडीने ग्रासले. अशा माणसाला जो तो सांगतो, 'खोल श्वास घ्या, ऑक्सिजन वाढतो, औषधाची गरज नाही.' हे खरे आहे काय? आम्ही म्हणतो, आधी तपासू, मग मानू.

हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वासानेच 95 टक्के किंवा त्याहून जास्त भरलेले असते. भरल्या घागरीत आणखी पाणी कसे मावेल? लोणावळ्याला 1924 साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद योगाचेच पुरस्कर्ते. पण प्राणायामाने शरीर जादा ऑक्सिजन घेते, ही समजूत त्यांच्याच प्रयोगशाळेतील मोजणीत टिकली नाही.

मग श्वासाचा सराव व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. विहारात आनापानसती करताना मन स्थिर होते, हा लाभ खराच आहे. इंग्लंडमध्ये 655 दमेकऱ्यांवर केलेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. सराव शिकलेल्यांचे रोजचे जगणे सुसह्य झाले. फुप्फुसांची ताकद मात्र वाढली नाही.

ऑक्सिजन हे औषध आहे. धुराने फुप्फुसे कायमची निकामी होऊन ज्यांच्या रक्तातील ऑक्सिजन फारच घटतो, त्यांचे आयुष्य तो रोज 15 तास किंवा अधिक दिल्याने वाढते, हे 1980 आणि 1981 च्या अभ्यासांनी दाखवले. परंतु अशा रुग्णाला तो बेसुमार दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून जीवावर बेतते. म्हणून डॉक्टर त्यांचे प्रमाण 88 ते 92 टक्क्यांतच राखतात. शेजाऱ्याचे सिलिंडर आणून मनाने लावू नये.

21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून ऑक्सिजनचा पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक कोरोना रुग्ण दगावले. ज्याला ऑक्सिजनची गरज आहे, त्याला दुसरा पर्याय नसतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, दम लागल्यास नाकाने श्वास घ्या, शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडा. पंप आणि गोळ्या चालू ठेवा. बिडी सोडा, चुलीचा धूर घराबाहेर काढा. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका. 108 ला फोन करा. श्वास आपला आहे, तो सांभाळण्याचे ज्ञानही आपलेच असले पाहिजे.