घरातलं प्रवाळ – भाग ६ : फांदी वाढते कुठून?

कुवेतमधल्या फहाहीलच्या फ्लॅटमध्ये प्रवाळाची टाकी मांडणाऱ्यांचा सुरुवातीच्या महिन्यांतला ठरलेला प्रश्न : ‘ॲक्रोपोरा जिवंत आहे, रंगही ठीक आहे, मग वाढत का नाही?’ बहुतेकदा हे फांद्यांचं प्रवाळ वाढत असतं. पण वर नव्हे, आडवं. खडकावर चिकटवलेला तुकडा आधी बुडाशी पातळ थरासारखा पसरतो, पकड घेतो आणि मगच फांद्या काढतो. या काळात त्याची जागा सारखी बदलणं हा शुद्ध छळ आहे.

फांदीची लांबी वाढते ती शेंड्याला. भिंग घेऊन पाहा. टोकावर मधोमध एकच पॉलिप बसलेला दिसेल आणि त्याच्या खाली चहूबाजूंनी इवल्या वाट्यांत बसलेले बाकीचे. टोकाचा पॉलिप कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रचत वर सरकतो आणि त्याच्या कडेने नवे पॉलिप फुटत राहतात. त्यातलाच एखादा स्वतः टोक होऊन बसला की नवी फांदी सुरू. शेंडा पांढुरका दिसतो, कारण प्रवाळाच्या पेशींत राहणारं शैवाल तिथे कमी असतं; त्याला लागणारं अन्न खालच्या शैवालाने प्रकाशावर बनवलेलं असतं. मात्र पांढरेपणा बुडाकडून वर चढत असेल, तर तिथली पेशी सुटून उघडा सांगाडा दिसतोय. ती वाढ नाही.

पण डोळ्यांच्या कितीतरी आधी वाढ कळते ती पाण्याच्या चाचणीत. समजा, २०० लिटरच्या टाकीत केएच, म्हणजे पाण्याची कार्बोनेट कठीणता, चोवीस तासांत ८ वरून ७ वर आला. एक अंश केएच म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे एका दिवसात साडेतीन ग्रॅम दगड पाण्यातून निघून कुठेतरी चढला. सगळा फांद्यांवरच नाही. खडकावरचं गुलाबी शैवाल आणि गोगलगायी आपला वाटा घेतातच. त्याच दिवशी कॅल्शियम मात्र ४२० वरून जेमतेम ४१३ वर येतं, आणि एवढा फरक घरगुती किटमध्ये नीट दिसतही नाही. म्हणून रोज मोजायचा तो केएच, शक्यतो ठरलेल्या वेळी. खर्च झाला तेवढाच, थोडा थोडा भरायचा. आठवड्याची तूट एका दमात भरली तर शेंडे जळतात.

इथे फहाहीलची एक खोड आहे. उन्हाळ्यात एसी अखंड चालतो, हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं. वर ओतायचं ते गोडंच पाणी. कुवेतचा नळ मुख्यतः समुद्राच्या ऊर्ध्वपातित पाण्यावर चालतो, पण पुरवठ्याआधी त्यात मचूळ भूजल मिसळतात. तेव्हा आरओ आणि डीआय फिल्टर टाळता येत नाही. काहींना अल कूतच्या किनाऱ्यावरून डबे भरून आणायचा मोह होतो. दक्षिणेला शुऐबाचं औद्योगिक बंदर आहे, हे आठवावं.

शिवाय ते पाणी आपल्या प्रवाळाच्या ओळखीचंही नाही. कुब्बर, कारू आणि उम्म अल मरादिम या बेटांभोवती प्रवाळ आहेत, ॲक्रोपोराही आहे. तिथलं पाणी हिवाळ्यात १५ अंशांपर्यंत उतरतं, उन्हाळ्यात ३० च्या वर जातं आणि खुल्या महासागराहून खारट असतं. ती जात हे सोसायला पिढ्यान्‌पिढ्या शिकली. दुकानातले तुकडे बहुधा इंडोनेशिया किंवा ऑस्ट्रेलियाकडच्या वंशाचे असतात. त्यांना २५-२६ अंश हवेत. तेव्हा ‘बाहेर जगतात, मग घरात का नाही’ म्हणून चिलर टाळू नये.

फांद्या दाटल्या की आतल्या भागात पाणी खेळेनासं होतं. तिथे घाण साचते आणि पेशी मरू लागतात. अशा वेळी कापणी हाच उपाय. ती पुढच्या भागात. कापलेला तुकडा सुट्टीत गावी न्यायचा बेत मात्र आत्ताच सोडा : कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली परवान्याने चालतो, आणि भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे.