मिस्त्री, मास्तर आणि एक इंग्रजी विशेषण

इंग्रजीत ‘मास्टरफुल’ असं एक विशेषण आहे. पियानोवादनाला लावलं तर अर्थ होतो कसदार, हात बसलेलं. तेच जुन्या कादंबरीतल्या एखाद्या जमीनदाराला लावलं की अर्थ होतो हुकमत गाजवणारा, आपलंच खरं करणारा. इंग्रजी शिकणारा रशियन माणूस नेमका इथे फसतो, कारण हा शब्द त्याला ओळखीचा वाटतो.

रशियनमध्ये ‘मास्तेर’ आहेच. पण तो हाताला कसब असलेला माणूस. घड्याळ दुरुस्त करणारा मास्तेर, कारखान्यातला मुकादम मास्तेर, खेळाडूला मिळणारा मानाचा किताब ‘मास्तेर स्पोर्ता’. कामाला मास्तेरची भीती वाटते, अशी तिकडे म्हण आहे. भीती आहे, पण ती कामाला, माणसांना नव्हे! बुल्गाकोव्हच्या कादंबरीत मार्गारिता आपल्या लेखक प्रियकराला मास्तेर म्हणते आणि त्याच्या काळ्या टोपीवर पिवळ्या रेशमाने ‘म’ अक्षर भरते. त्या हाकेत मालकीचा लवलेशही नाही, आहे तो त्याच्या लेखणीचा मान. साहजिकच ‘मास्टरफुल’ जमीनदार वाचून रशियन वाचकाच्या डोळ्यांपुढे कुशल जमीनदार उभा राहतो, आणि नायिका त्याच्यावर एवढी का चिडली आहे हे त्याला कळत नाही.

हुकमतीसाठी रशियनकडे वेगळं घराणं आहे. ‘व्लास्त’ म्हणजे सत्ता, त्यावरून ‘व्लास्तनी’, हुकमती. 1860 साली वसलेल्या व्लादिवोस्तोकच्या नावात हाच धातू बसला आहे: पूर्वेवर सत्ता गाजव. आणि मालकाला म्हणतात ‘खोझ्याइन’. स्तालिनच्या भोवतालची माणसं त्याचा उल्लेख याच शब्दाने करत. हा शब्द मुळात आपल्या ओळखीचा ख्वाजा. फारसीतून तुर्की भाषांमार्गे रशियात पोचलेला. पंधराव्या शतकात त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन चौलच्या बंदरात उतरून जुन्नरला आला, पुढे बिदरला गेला. या मुलखात त्याने स्वतःचं नाव ‘खोझ्या’ युसुफ खुरासानी असं सांगितलं. रशियनांच्या मालकाचा मूळपुरुष असा एका रशियनाच्याच नावापुढे बसून जुन्नरच्या बाजारात हिंडला असेल, हे मला फार विलक्षण वाटतं.

मग इंग्रजीतच कसब आणि हुकमत एका शब्दात कशी राहिली? मुळाशी लॅटिन ‘मागिस्तेर’ आहे. ‘मागिस’ म्हणजे अधिक. जो इतरांहून अधिक, तो मागिस्तेर. त्याच्या जोडीला ‘मिनुस’, म्हणजे उणा, यावरून ‘मिनिस्तेर’, म्हणजे चाकर. आजचा मिनिस्टर मुळात हा चाकर! मागिस्तेरचं संस्कृत नात्यातलं भावंड शोधायचं तर ‘महत्तर’ घ्यावा: तोच ‘महा’, तोच तुलनेचा ‘तर’. त्या महत्तराचा मराठीत झाला म्हातारा. वयाने अधिक, हुद्द्याने अधिक, कलेत अधिक. कशात अधिक ते मूळ शब्द सांगतच नाही. इंग्रजीने ती संदिग्धता जपली: घरधनी मास्टर, गुलामांचा धनी मास्टर, शिक्षक मास्टर, निष्णात कारागीरही मास्टर. रशियनने त्यातली फक्त कारागिरी उचलली.

आणि मराठीने? हाच शब्द आपल्याकडे दोन वाटांनी आला. पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्र’चा झाला मिस्त्री, तो करवत आणि ओळंबा घेऊन आला. इंग्रजांच्या मास्टरचा झाला मास्तर, तो छडी घेऊन आला. रशियन पाहुण्याला मराठी माणूस सहज सांगू शकेल: तुझा मास्तेर म्हणजे आमचा मिस्त्री, आणि इंग्रजांच्या शब्दात आमचा मास्तरही लपलेला आहे, तो विसरू नकोस.

फाउलर नावाच्या कोशकाराला ही सरमिसळ खपली नाही. 1926 च्या आपल्या ग्रंथात त्याने वाटणी करून दिली: हुकमतीसाठी ‘मास्टरफुल’, कौशल्यासाठी ‘मास्टरली’. वाटणी सोयीची होती, पण लिहिणाऱ्यांनी ती पुरती कधीच मानली नाही. मला वाटतं, बरंच झालं. तालमीतला वस्ताद आठवा. डावपेचात त्याचा हात धरणारा कोणी नाही, आणि हौद्यात त्याच्या शब्दापुढे कोणी जात नाही. त्याचं कसब कुठे संपतं आणि हुकमत कुठे सुरू होते, हे कोणी सांगावं?

वाद्यवृंदाचा संचालक छडी उचलतो आणि क्षणात सगळं सभागृह चिडीचूप होतं. इंग्रजी समीक्षक एका शब्दात लिहितो, मास्टरफुल. रशियन अनुवादकाची लेखणी त्या शब्दाशी थबकते: ‘मास्तेर्स्की’ लिहावं, की ‘व्लास्तनी’?