क्रूझवर चाललाय? पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण आधी ठरवा

मुलाने पुण्यातून आई-वडिलांसाठी तिकीट काढून दिलं, भिशीच्या ग्रुपने पैसे साठवून बेत केला, नवीन जोडप्याला भावाने भेट दिली... मुंबई-गोवा क्रूझला जाणारी माणसं आता आपल्या कागल, शिरोळ, गडहिंग्लजकडेही भेटू लागली आहेत. कोर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही बोट २०२१ पासून मुंबईहून फिरते. फोटो बघून सगळ्यांना वाटतं की एकदा बंदरावर पोचलो की झालं, पुढचं बोटवाले बघतील. पुढचं ते बघतातच. पण सकाळी मुंबईत उतरल्यापासून बोटीवर ताट हातात येईपर्यंतचे सहा-सात तास तुमचे तुम्हालाच सांभाळायचे असतात. घरात शुगरचं माणूस असेल तर हेच तास अडचणीचे ठरतात.

आधी वेळेचा हिशेब बघू. कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली तर सकाळी सात-साडेसातच्या सुमारास तुम्ही सीएसएमटीला उतरता. बोटीवर घ्यायला सुरुवात होते ती साधारण दुपारी, आणि बोट सुटते संध्याकाळकडे. नक्की वेळ तुमच्या तिकिटावर असते, प्रत्येकाला वेगळा स्लॉटही असू शकतो, तो आधीच बघून ठेवा. म्हणजे सकाळचे निदान चार-पाच तास रिकामे. त्यानंतर टर्मिनलवर बॅगांची तपासणी, कागदपत्रं, फोटो, कार्ड. सुट्टीच्या दिवशी रांग मोठी असते. बाराचा स्लॉट असला तरी प्रत्यक्ष बोटीवर पाय ठेवून जेवणाच्या हॉलपर्यंत जायला दीड-दोन सहज वाजतात.

काही जण म्हणतात, मग पहाटे बसने निघू आणि थेट दुपारी बंदरावर उतरू. ते करू नका. कोल्हापूर-मुंबई जवळपास चारशे किलोमीटर, वर खंडाळ्याचा घाट आणि मुंबईत शिरतानाची कोंडी. बोटीचा गेट सुटायच्या तास-दोन तास आधीच बंद होतो आणि एसटीसारखं हात दाखवून थांबवता येत नाही. चुकली तर तिकिटाचे पैसे साधारणपणे परत मिळत नाहीत. चार तास बसून काढावे लागले तरी चालतील, रात्रीची गाडीच बरी.

शिदोरी सकाळसाठी, बोटीसाठी नाही

आपल्याकडची बाई प्रवासाला निघाली की दशम्या, चटणी, धपाटे, लाडू, चिवडा बांधतेच. बांधा, पण कुठे खायचं ते ठरवून बांधा. घरी शिजवलेलं अन्न बोटीवर नेऊ देत नाहीत, हा बहुतेक क्रूझ कंपन्यांचा नियम आहे. कारण साधं आहे. दीड-दोन हजार माणसं बंद जागेत एकत्र जेवतात, एकाच्या डब्यातलं आंबलेलं काही निघालं आणि उलट्या-जुलाब सुरू झाले तर समुद्रात आवरणं अवघड. तेव्हा दशम्या-चटणी आठ वाजता स्टेशनवरच मोकळी करा. ताकाची बाटली, दही-भात असलं सांडणारं काही घेऊच नका.

सीएसएमटीला वेटिंग हॉल आहे, पैसे भरून बसायचा एसी लाउंज आहे, तोंड धुवून कपडे बदलता येतात. क्लोक रूमला बॅग ठेवायची तर बॅगेला कुलूप आणि जवळ रेल्वेचं तिकीट पाहिजे. बॅगा ठेवून जवळपास चक्कर मारायला हरकत नाही, पण वयस्कर माणसांना उन्हात गेटवेपर्यंत चालवत नेऊन दमवू नका. पुढे टर्मिनलवर उभं राहायचंच आहे.

आठला पोटभर न्याहारी केली तर दुपारी दोनपर्यंत निघतं. पण अकराच्या सुमारास मध्ये काहीतरी थोडं खायचं, हे लक्षात ठेवा. केळं, दोन बिस्किटं, चहा, एवढं बास. 'वर बोटीवर फुकट जेवण आहे, आता कशाला खायचं' असं म्हणून सकाळपासून उपाशी राहणारे असतात, आणि याच्या उलट साडेअकराला दोन-दोन वडापाव आणि मिसळ खाऊन बोटीवर जाऊन नुसतं बघत बसणारेही. दोघांचंही नुकसान.

शुगरवाल्यांनी हे जरूर वाचा

डायबेटिसची काही औषधं, विशेषतः इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड गटातल्या गोळ्या, घेतल्यावर वेळेत जेवण झालं नाही तर रक्तातली साखर खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस गोंधळल्यासारखं बोलतो. रांगेत उभं असताना हे झालं तर बरोबरच्यांना वाटतं, उन्हाने झालं असेल. दुपारच्या जेवणाआधीचं इन्सुलिन घड्याळ बघून टर्मिनलवर घेऊ नका. ताट समोर दिसल्यावरच घ्या. सकाळच्या डोसचं काय करायचं ते निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, त्यांना 'त्या दिवशी जेवण दोन-अडीचला होईल' एवढं स्पष्ट सांगा.

खिशात ग्लुकोजची पुडी किंवा पॅकबंद बिस्किटाचा पुडा ठेवा. तपासणीला विचारलं तर शुगर आहे म्हणून सांगा, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असली की प्रश्नच नको. त्रास जाणवला की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटं बसवा, मग काहीतरी खायला द्या. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काही घालू नका, लगेच तिथल्या कर्मचाऱ्यांना हाक मारा. रांगेत व्हीलचेअर किंवा ज्येष्ठांसाठी आधी सोडण्याची विनंती करायला लाजू नका. आपली माणसं इथेच मागे राहतात.

बंदर कुठलं, तेही नीट बघा

मुंबईत बोटी सुटायच्या जागा तीन, आणि गल्लत होते. गेटवेहून अलिबागकडे मांडव्याच्या लाँच जातात. भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणारी रो-रो जाते. क्रूझ मात्र बॅलार्ड पिअरवरून. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. सीएसएमटीपासून ते फार लांब नाही, टॅक्सीने थोडक्या वेळात होतं. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाही, तेव्हा शोधत बसू नका, काळी-पिवळी टॅक्सी घ्या आणि 'बॅलार्ड पिअर, क्रूझ टर्मिनल' असं पूर्ण सांगा. नुसतं 'बोटीवर जायचंय' म्हटलं तर तो गेटवेला सोडेल.

वेब चेक-इन घरूनच करून घ्या. मुलगा किंवा पुतण्या करून देत असेल तर त्याला एकच गोष्ट बजावा: आधारवर जसं नाव आहे तसंच भरायचं. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांचं नावच नाही, असा प्रकार असतो. ओळखपत्र मूळ पाहिजे, झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो नको. बोर्डिंग पासची प्रिंट काढून ठेवा, मोबाइलची बॅटरी ऐन वेळी दगा देते. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल, किंवा कुणी २४ आठवड्यांपुढची गरोदर असेल, तर बहुतेक कंपन्या बोटीवर घेत नाहीत. हे तिकीट काढण्याआधी बघायचं, बंदरावर नाही.

मोठी बॅग हातातून जाते

टर्मिनलवर मोठ्या बॅगांना नंबर लावून त्या घेऊन जातात आणि नंतर खोलीच्या दाराशी आणून ठेवतात. ही बॅग संध्याकाळपर्यंत हाताला लागणार नाही असं समजूनच चाला. खोलीही लगेच मिळत नाही, आदल्या फेरीची माणसं उतरल्यावर साफसफाई चालू असते. म्हणून दुपारपर्यंत लागणारं सगळं छोट्या पिशवीत: औषधं, चष्मा, ओळखपत्र, पैसे, चार्जर, लहान मुलांचे कपडे. औषधं मोठ्या बॅगेत टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

सामानाची तपासणी विमानतळासारखी मशीनमधून होते. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, लायटर, दारूची बाटली काढून घेतात. सुरी चालत नाही. पानाची चंची नेणाऱ्या आजीने अडकित्ता घरी ठेवावा आणि सुपारी कातरून न्यावी.

आता जेवण

बोटीवर पाय ठेवला की खोलीची वाट बघत लॉबीत बसू नका, सरळ जेवायला जा. 'एम्प्रेस'वर तिकिटाच्या पैशातलं जेवण मिळायची मुख्य ठिकाणं दोन, फूड कोर्ट आणि स्टारलाइट. बुफेत सगळे एकदम घुसतात म्हणून सुरुवातीला गर्दी वाटते, पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. पण ओसरेल म्हणून डेकवर फोटो काढत बसलात तर दुपारचं जेवण बंद होतं आणि मग चहापर्यंत थांबावं लागतं. आत जाताना दारावरच्या माणसाला दोन गोष्टी विचारून घ्या: जेवण किती वाजता बंद, आणि रात्रीचं जेवण आपल्याला कुठल्या वेळेला. रात्री दोन पाळ्या असतील तर पहिली पाळी मागून घ्या. गावाकडे आठला जेवणाऱ्या माणसाला दहाची पाळी झेपत नाही.

शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. माळकरी मंडळींनी आणि ज्यांना कांदा-लसूण चालत नाही त्यांनी हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं, ताट घेऊन उभं राहिल्यावर नाही. तारीख एकादशीची किंवा चतुर्थीची आहे का, हे कॅलेंडरात आधी बघा. उपास असेल तर फळं, दूध, उकडलेला बटाटा मिळू शकतो, साबुदाण्याच्या खिचडीची अपेक्षा धरू नका.

पहिल्याच ताटात सगळं वाढून घ्यायचा मोह होतो. हळू घ्या. संध्याकाळी बोट उघड्या समुद्रात जाते तेव्हा पोटात तेलकट, मसालेदार आणि वर आइस्क्रीम असेल तर ज्याला एसटीत गाडी लागते त्याला बोट लागणारच. अशांनी वरण-भात, चपाती, दही असं साधं खावं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲव्होमिनसारखी गोळी बोट सुटायच्या आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग कमी होतो. या गोळीने झोप येते, म्हाताऱ्या माणसांना आणि प्रोस्टेट किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.

पैशाचंही बघा. बुफेतलं जेवण, पाणी, चहा तिकिटात येतं. कोल्ड्रिंक, दारू, खास हॉटेलमधलं जेवण यांचे वेगळे पैसे, आणि ते तुमच्या खोलीच्या कार्डावर चढत जातात. हातातून नोट जात नाही म्हणून कळत नाही, शेवटच्या दिवशी बिल येतं. पोरांच्या हातात कार्ड देऊन सोडू नका.

भोंगा वाजला की उठायचं

जेवून सुस्ती येते आणि नेमकं तेव्हाच सुरक्षेची कवायत असते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा जगभरातल्या बोटींवरचा धोक्याचा इशारा. तुमचं जमायचं ठिकाण कार्डावर किंवा खोलीच्या दारामागे लिहिलेलं असतं. बरेच जण खोलीत झोपून राहतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. तेव्हाचा नियम २४ तासांत करा असा होता. त्यानंतर नियम बदलला आणि बोट सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी कवायत सक्तीची झाली. आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला रेवसला जाणारी 'रामदास' बुडाली, त्यात सहाशेच्या वर माणसं गेली, कोकणात अजून नाव काढतात. अर्धा तास जातो, जाऊ द्या. जॅकेट कसं बांधायचं आणि जिना कुठे आहे, हे आजी-आजोबांनाही हाताला धरून दाखवा.

घरी फोन करायचा असेल तर बोट बंदरात असतानाच करा. किनारा दूर गेला की रेंज जाते, जीपे-फोनपे चालत नाही, बोटीवरचं वायफाय महाग पडतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर बोटीचं नेटवर्क पकडून रोमिंगचे पैसे कापले जाऊ शकतात. एकतर्फी तिकीट असेल तर उतरायचं मुरगाव बंदरात, वास्कोला लागून. तिथून कोल्हापूरकडे यायला गाडी कुठली, तेही बोट सुटायच्या आधीच फोनवर ठरवून टाका.