अमेरिकेचा सामाजिक इतिहास आपण का वाचावा?

अमेरिकेचा इतिहास म्हटला की राष्ट्राध्यक्ष आणि युद्धं आठवतात. सामाजिक इतिहासाची पुस्तकं मात्र वेगळं विचारतात : साधी माणसं राहत कशी होती, खात काय होती, मजुरी किती मिळायची, इबादत कुठे करायची?

हा विषय मराठीला नवा नाही. महात्मा फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सत्पुरुषांना अर्पण केलं. पुढे पंडिता रमाबाई स्वतः अमेरिकेत राहून आल्या. तिथली घरं, शिक्षण आणि स्त्रियांचं जीवन यांवरचं त्यांचं मराठी पुस्तक 1889 मध्ये आलं.

पण गुलामगिरीच्या या इतिहासाशी मुसलमानांचा काय संबंध? फार जवळचा. आफ्रिकेतून जबरदस्तीने अमेरिकेत नेलेल्या लोकांमध्ये बरेच मुसलमान होते. उमर इब्न सईद त्यांपैकीच एक. आजच्या सेनेगलच्या भागातले हे शिकलेले गृहस्थ. 1807 मध्ये त्यांना पकडून अमेरिकेत विकलं गेलं. 1831 मध्ये त्यांनी आपली कहाणी अरबीत लिहिली. सुरुवात केली ती सूरह अल-मुल्कने. मुल्क म्हणजे सत्ता, मालकी. खरी मालकी अल्लाहची, हे एक गुलाम लिहितो! त्यांनी बाप्तिस्मा घेतल्याच्या नोंदीही आहेत, त्यामुळे त्यांच्या मनात काय होतं यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण वाद घालता येतो, कारण ती पानं उरली. ती आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेली आहेत. ज्यांनी लिहिलं नाही, त्यातल्या कित्येकांची नावंसुद्धा उरली नाहीत. मालकाच्या हिशेबवहीत फक्त किंमत उरली.

म्हणून अशी पुस्तकं वाचताना तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी लिहिलं? कोणाबद्दल लिहिलं? आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांचा स्वतःचा आवाज यात आहे का?

हेच प्रश्न आता आपल्या जिल्ह्याला लावून बघू. 1857 नंतर उत्तरेकडून मालेगावात आलेल्या मोमीन विणकरांची मुलं-नातवंडं आजही यंत्रमागावर आहेत. जुन्या नाशिकच्या गल्ल्यांमध्येही पिढ्यान्‌पिढ्या कारागीर, व्यापारी, मजूर राहत आलेत. त्यांची कहाणी त्यांच्याच शब्दांत किती घरांत लिहिलेली आहे? आपण नाही लिहिली तर दुसरं कोणी लिहील, नाहीतर कोणीच लिहिणार नाही.

नाशिकला 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. पोरांना पुस्तकांपर्यंत नेऊच. पण या जुम्म्याला नमाजनंतर नानी-दादीजवळ एक वही घेऊनही बसू या. कुठून आलो, काय काम करायचो, लग्नात काय शिजायचं, ते त्या सांगतील तसंच, त्यांच्याच बोलीत उतरवू या. वर तारीख घालायला मात्र विसरायचं नाही.