आजारी कोंबडीचे हाल टाळायचे तर काय करावे?

सिंधुदुर्गनगरी : खुराड्यातली कोंबडी मान टाकून बसली, बरी होण्याची आशा उरली नाही, की कोणी तिला माळावर सोडून देतं, कोणी पाण्यात बुडवतं, कोणी गोणीत बांधून ठेवतं. या सगळ्यात पक्षी तडफडून मरतो. पशुवैद्यकांचा नियम वेगळा आहे. आधी पक्ष्याची शुद्ध जायला हवी, मग जीव.

डॉक्टर काय करतात?

एखाद-दुसरा पक्षी असेल तर भुलीच्या औषधाचा जादा डोस देतात. पक्षी झोपतो, मग श्वास आणि हृदय थांबतं. असा पक्षी खाऊ नये, उघड्यावरही टाकू नये. तो खाणारी कुत्री, घारी विषबाधेने मरू शकतात. खोल पुरावा.

दुसरी पद्धत म्हणजे मान झटक्यात निखळवणे. कवटी आणि मणका वेगळे झाले की पक्ष्याची शुद्ध लवकर हरपते. मात्र हे शिकलेल्या हाताचं काम आहे. झटका अर्धवट बसला तर हालच. मोठ्या, जड पक्ष्यांना ही पद्धत योग्य नाही.

पक्षी खूप असतील तर बंद जागेत कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. पद्धत कोणतीही असो, श्वास थांबल्याची आणि डोळ्याला हात लावल्यावर पापणी हलत नसल्याची खात्री करूनच पक्षी खड्ड्यात टाकायचा.

साथ आली तर

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात सुमारे 800 कोंबड्या मेल्या. तिथेही एक किलोमीटर परिसरातले पक्षी मारण्याचा निर्णय झाला.

सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, त्याआधी मेलेल्यांची नाही. म्हणून मर लपवली तर नुकसान आपलंच. शिवाय हा रोग माणसालाही होऊ शकतो.

तुम्ही काय कराल?

अचानक दोन-चार कोंबड्या मेल्या तर उघड्या हाताने उचलू नका, कापू नका, विकू नका. पोरांना लांब ठेवा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. ओरोसला जिल्हा परिषदेत पशुसंवर्धन विभाग आहे, तिथेही सांगता येईल.