जुन्या पिकअपच्या खिडक्यांची रबरे : पावसाळ्यापूर्वी घरीच करावयाची दुरुस्ती

निफाड तालुक्यातील सायखेडा व गोदाकाठच्या इतर गावांतून कांदा, टोमॅटो व द्राक्षे पिंपळगाव बसवंत, लासलगावच्या बाजारात नेण्यासाठी पिकअप गाडीचा मोठा उपयोग होतो. गाडी जुनी झाली की खिडक्यांची रबरे कडक होऊन त्यांना चिरा पडतात व पावसाचे पाणी केबिनमध्ये येते. 'थोडे पाणी आले तर काय बिघडले' असे म्हणून पुष्कळदा याकडे दुर्लक्ष होते. परंतु मॅटखाली मुरलेल्या ओलीने तळाचा पत्रा गंजतो. काचांवर आतून वाफ धरल्याने रात्री रस्ता नीट दिसत नाही. सीटमागे ठेवलेले कांद्याचे बी दमट होते. कांद्याचे बी मुळातच अल्पायुषी असून ओल लागल्यास त्याची उगवणशक्ती लवकर घटते.

पाणी कोठून येते?

काचेलगतच्या फटीतून थोडे पाणी दरवाज्याच्या पोकळीत उतरणे साहजिक आहे. ते बाहेर जाण्यासाठी दरवाज्याच्या खालच्या कडेला छिद्रे ठेवलेली असतात. आतील पॅडमागे असलेला प्लास्टिकचा कागद हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. म्हणून रबर बदलण्यापूर्वी ही छिद्रे व हा कागद तपासावा. छिद्रे माती व भुश्याने बुजलेली असल्यास बारीक तारेने मोकळी करावीत. ती लांबीने किंवा डांबराने कधीही बंद करू नयेत. सन २०१६ व २०१९ च्या ऑगस्टमधील गोदावरीच्या पुरात सायखेडा, चांदोरी परिसरात पाणी शिरले होते. अशा पुरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या दरवाज्यांत गाळ बसतो. तो पॅड काढून धुऊन टाकावा.

दोष शोधण्याची पद्धत

वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी दरवाज्याच्या रबरावर ठेवून दरवाजा लावावा व पट्टी ओढावी. ती सहज निघाली तर तेथे रबर सैल आहे असे समजावे. याप्रमाणे सर्व बाजूंनी तपासून खडूने खुणा कराव्यात. त्यानंतर एकाने आत बसावे व दुसऱ्याने पाण्याची नळी खालून वर हळूहळू फिरवावी. वरून सुरुवात केल्यास पाणी सर्वत्र ओघळते व नेमकी जागा कळत नाही.

दुरुस्ती

१) जुने रबर काढून त्याचा नमुना दुकानात न्यावा. त्याच आकाराचे रबर घ्यावे.

२) रबराखालचा गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने पूर्ण काढावा, रेड ऑक्साइड व नंतर रंग लावून चांगला वाळू द्यावा. गंजावर बसविलेले रबर टिकत नाही.

३) नवे रबर थोडा वेळ उन्हात ठेवल्यास मऊ होते. बसविताना ते ताणू नये. ताणलेले रबर पुढे आकसून कोपऱ्यात फट पडते. सांधा कोपऱ्यात न घेता खालच्या कडेस घ्यावा.

४) काचेलगतची बाहेरील पट्टी काढताना काच पूर्ण खाली करावी. स्क्रू ड्रायव्हरऐवजी कापड गुंडाळलेली लाकडी पट्टी वापरावी, म्हणजे रंग खरचटत नाही.

५) काच विजेवर चालत असल्यास पॅड काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी.

समोरची मोठी काच चिकटवून बसविलेली असल्यास ते काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे.

निगा

रबरे साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करावीत व सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावू नये. त्याने रबर क्षणभर चकाकते; पण पुढे फुगून सैल होते. द्राक्षबागेसाठी नेलेले मोरचुदाचे द्रावण सांडल्यास ताबडतोब धुवावे. त्याने लोखंडी पत्रा झपाट्याने गंजतो.

दुरुस्तीनंतर पाण्याची चाचणी पुन्हा घ्यावी. शेतकरी बंधूंनो, हे काम मे महिन्यातच उरकावे, कारण ओल्या पत्र्यावर रंग धरत नाही. रबराचा खर्च थोडा असतो. गंजलेला तळ बदलण्याचा खर्च मात्र अनेक पटींनी जड जातो.